बत्तीस खुर्च्या

दर मंगळवारी मी बत्तीस घडीच्या खुर्च्या मांडतो
चर्चच्या तळघरात, बॉयलरच्या अंगाला,
म्हणजे डुलूथच्या जानेवारीत निदान पाय तरी उबेत.
कॉफी मीच करतो. ती फुकट,
म्हणून तिच्याबद्दल कर्टिस हॅल्व्हरसन काही बोलत नाही.
बाहेरच्या कॉफीवर मात्र पहिला अर्धा तास.

रोजचे पाच डॉलर, तो फळ्यावर लिहितो,
गुणिले वर्षाचे दिवस, चाळीस वर्षं,
वर चक्रवाढ, बारा टक्के धरू या.
चौदा लाख!
खडू मोडतो, लोक वहीत उतरवून घेतात.
बारा टक्के कुठे मिळतात,
हे विचारायला अकरा वर्षांत एकच हात वर झाला,
खनिजाच्या धक्क्यावरून निवृत्त झालेला म्हातारा टोइवो.
पुढच्या मंगळवारी त्याची खुर्ची
मी मांडली तशीच घडी केली.

हिशेब मलाही येतो.
पुस्तक ऐंशी डॉलरचं, खुर्च्या बत्तीस,
वर्षाला सहा तुकड्या.
या तळघरात मांडलेल्यापैकी
एवढंच गणित दरवेळी बरोबर सुटतं.

तिसऱ्या रांगेत वर्ना कोसोनेन.
शाळेच्या स्वयंपाकघरात उभ्याने सहा तास,
पर्समध्ये सात पाकिटं:
भाडं, किराणा, पेट्रोल, दात...
नावं पेन्सिलीने, म्हणजे खोडता येतात.
दाताचं पाकीट कायम बारीक.
पाच वर्षांनी तिचं क्रेडिट कार्ड फिटलं
तेव्हा तिने ते सगळ्यांसमोर कात्रीने कापलं,
शाळेतलीच कात्री, कोंबडीची हाडं कापायची.
टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.
ते खरं होतं.
तेव्हापासून रात्री फोन वाजला तरी ती दचकत नाही,
हे मी कुणाला स्वस्तात मोजू देणार नाही.

मग मार्चमध्ये चढावर गिअरबॉक्स गेला.
अडीनडीच्या पाकिटात हजार, बिल अडतीसशेचं.
उरलेली पाकिटं तिने एकेक करून उघडली.
दात शेवटी.

तिचा भाऊ रेइनो.
त्याने पुस्तक उघडलं नाही, पाकीट तर नाहीच.
बापाची तळ्याकाठची झोपडी नावावर आली,
छप्पर गळलं, गळू दिलं,
आणि एका उन्हाळ्यात शिकागोची माणसं
गळक्या छपरासकट किनारा घेऊन गेली.
या वसंतात कर्टिसने त्यालाच बोलावलं,
पाहुणा, यशोगाथा.
रेइनो वीस मिनिटं बोलला, संयमावर.
नवी बोट घेतल्याचं सांगितलं, मग जरा ओशाळला.
वर्नाने तिसऱ्या रांगेतून टाळ्या वाजवल्या,
मनापासून. भाऊच तो.

पुस्तकात एक धडा आहे, थेंबे थेंबे तळे साचे.
चित्रात नळ, खाली निळंशार पाणी.
खुर्च्या घडी करायला ती मला मदत करते,
त्या रात्री त्या चित्रावर बोट ठेवून म्हणाली,
"आपलं तळं असं नाही झालं.
शाळेत शिकवलंय मी पाचवीला, बाई आजारी होत्या तेव्हा.
मैलभर जाडीचा बर्फ होता इथे.
तो आधी खोदून गेला,
मग वितळला."
खिडकीतून ते दिसत नाही, खिडकी जमिनीलगत,
नुसता फावड्याने सारलेला बर्फ दिसतो.
पण तळं तिथेच होतं, उताराच्या टोकाला,
पलीकडचा काठ न दिसणारं.

"मग थेंब कशाला?" मी विचारलं.
तिने खांदे उडवले.
"प्यायला."

किटलीत चारेक कप उरले होते.
तिने थर्मास पुढे केला, मी ओतला,
झाकण घट्ट फिरवत ती म्हणाली,
"झाले, उद्याचे पाच डॉलर वाचले,"
आणि हसली. कर्टिसही हसला दारातून,
गाडीची किल्ली बोटावर फिरवत.
दोघं एकाच गोष्टीला हसले की नाही, कळलं नाही.
मी एकतिसावी खुर्ची घडी केली.
बत्तिसाव्यावर तिचा कोट होता.